वर्णनात ‘उत्तम’, भिंगाखाली वेगळंच: १८९७ नमुन्याची तलवार आणि तिचा अवस्था-अहवाल

आधी गुण सांगते, म्हणजे घाईत असलेल्यांची सुटका. तलवारीला पाचपैकी साडेतीन. म्यानाला साडेचार. पॅकिंगला पाच, त्यात खोट काढायला जागाच नाही. विक्रेत्याने लिलावाच्या पानावर जो अवस्था-अहवाल दिला होता त्याला दीड, आणि त्यातला अर्धा गुण नंतरच्या प्रश्नांना वेळेवर उत्तरं दिली म्हणून. तलवार परत पाठवलेली नाही, पाठवणारही नाही. पण हीच तलवार कोणी नुसत्या ‘उत्तम अवस्था’ या दोन शब्दांवर विसंबून घेतली असती, तर त्याला हवं होतं ते मिळालं नसतं आणि जे मिळालं त्याचं मोल कळलं नसतं.

वस्तू अशी: ब्रिटिश पायदळ अधिकाऱ्याची १८९७ नमुन्याची (म्हणजे त्या साली सैन्याने ठरवून दिलेल्या घडणीची) तलवार, विल्किन्सन या ब्रिटिश कंपनीची, राजा सातव्या एडवर्डच्या काळातली. सरळ आणि अरुंद, भोसकण्यासाठी बेतलेलं पातं. जाळीदार नक्षी कापलेली पोलादी परज, म्हणजे मुठीपुढचं हाताला आडोसा देणारं कवच. माशाच्या कातड्याने मढवलेली, वर चांदीच्या तारेचे वेढे असलेली मूठ. सोबत तपकिरी चामड्याचं म्यान. हा नमुना दुर्मीळ वगैरे अजिबात नाही. इतका टिकला की ब्रिटिश पायदळाचे अधिकारी समारंभात आजही हाच बाळगतात. त्यामुळे यात दुर्मिळतेच्या नावाखाली काही खपवता येत नाही. सगळा खेळ अवस्थेचा.

माझी नोकरी फोर्जिंगच्या, म्हणजे तापलेलं पोलाद ठोकून घडवण्याच्या कारखान्यात, तपासणी विभागात झाली. ‘माल चांगला दिसतो’ असं रिपोर्टात लिहिलं असतं तर साहेबांनी कागद तोंडावर परत मारला असता. दिसतो म्हणजे काय? कुठे, किती, कशाने मोजलं? ती खोड जात नाही. तलवारींच्या बाजारात मात्र अजूनही ‘उत्तम’, ‘फार चांगली’, ‘वयोमानानुसार’ अशा शब्दांवर काम भागतं, आणि बहुतेक वेळा त्या शब्दांचा अर्थ एवढाच की वस्तू फोटोत चकाकते.

अहवाल चार ओळींचा होता. पातं स्वच्छ, चमकदार, उत्तम अवस्थेत. धारेवर काही ओरखडे. मुठीवर वयोमानानुसार डाग. म्यान खराब, शिवण उसवलेली. माझ्या मते पहिली ओळ चूक, दुसरी चूक, तिसरी निरुपयोगी, चौथी अर्धवट.

पहिल्या ओळीपासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच झालंय. पात्याला कोणीतरी बफिंगच्या, म्हणजे धातू घासून चकचकीत करणाऱ्या फिरत्या चाकावर धरलेलं आहे. अधिकाऱ्याच्या पात्यावर कारखान्यातून येणारी झिलई बारीक भुकटीची आणि पात्याच्या लांबीच्या दिशेने असते, त्यामुळे खोबणीच्या (पात्यावरच्या लांबट खोलगट पन्हाळीच्या) कडा, पाठीचे कोपरे सगळं काटेकोर राहतं. १८९७ च्या पात्याचा काटछेद मुठीजवळ डंबेलसारखा असतो: दोन्ही कडा जाड, मधे पातळ. त्या जाड कडांचे कोपरे बोटाला जाणवले पाहिजेत. माझ्या तलवारीच्या डाव्या बाजूला ते जाणवतात, उजव्या बाजूला बोट सरळ घसरतं. म्हणजे एकच बाजू चाकावर गेली. बहुधा जिचा फोटो काढायचा होता तीच.

भिंगाखाली पुरावा आणखी स्पष्ट आहे. पात्यावर आम्लाने कोरलेली नक्षी आहे: राजाची मुद्रा, मुकुट, वेलबुट्टी, अधिकाऱ्याची आद्याक्षरं. चांगल्या अवस्थेतल्या एचिंगमध्ये खोलगट भाग दाणेदार, किंचित मळकट पांढरा राहतो आणि उंच भाग चकचकीत; त्या फरकामुळेच नक्षी उठून दिसते. बफिंगने तो दाणा गुळगुळीत होतो आणि सगळंच सारखं चमकायला लागतं. शिवाय दहापट भिंग लावलं की प्रत्येक अक्षराच्या आणि प्रत्येक गंजखड्ड्याच्या एकाच अंगाला एक फिकट शेपूट ओढलेली दिसते. चाक ज्या दिशेने फिरलं त्या दिशेला खड्ड्याची कड पुसली जाते, त्याची ती खूण. डाव्या बाजूला एकही शेपूट नाही. तिथे मुद्रेतल्या मुकुटाचे मोती वेगवेगळे मोजता येतात. उजवीकडे मोत्यांची एक पुसट पट्टी झाली आहे.

आता गंमत बघा. डावी बाजू काळपट करडी आहे, टोकाकडे काही बारीक खड्डे आहेत. विक्रेत्याने तिचा एकच फोटो टाकला होता, तोही लांबून. त्यांच्या लेखी ती पडती बाजू. माझ्या लेखी गुण मिळाले ते तिच्यामुळे. काळपट, घट्ट, हाताला न लागणारा थर म्हणजे स्थिरावलेलं ऑक्साइड; तो आतल्या पोलादाला फारसा त्रास देत नाही. त्रास देतो तो नारिंगी, भुसभुशीत, बोटाला लागणारा गंज, कारण तो ओल धरून ठेवतो आणि खाली खात जातो. माझ्या पात्यावर असा जिवंत गंज परजेच्या लगत, दाण्याएवढ्या दोन जागी होता. तेलाचा थेंब रात्रभर मुरवून, मऊ पितळी पट्टीने खरवडला, निघाला. एवढंच काम केलं. त्यापलीकडे या पात्याला हात लावण्याचा माझा विचार नाही.

दुसरी ओळ, ‘धारेवर काही ओरखडे’. हे वाचून बरेच जण मागे हटले असतील, आणि मला वाटतं म्हणूनच बोली फार चढली नाही. हे ओरखडे नाहीत, ही लावलेली धार आहे. शांततेच्या काळात अधिकाऱ्याची तलवार बोथटच असायची. पलटण मोहिमेवर निघाली की ती शस्त्रागाराच्या कारागिराकडे धार लावायला जायची. १९१४ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश पलटणींत हेच घडलं. माझ्या पात्यावर टोकापासून सुमारे २५ सेंटिमीटर दोन्ही अंगांनी एकाच कोनात, एकसारख्या अंतराच्या तिरक्या रेघा आहेत. हे हौशी हाताचं काम नव्हे. हौशी माणूस कानशीने घासतो तेव्हा कोन दर चार बोटांवर बदलतो. आणि उजव्या बाजूला बफिंगचा चकाकता पट्टा या रेघांच्या वरून गेलेला आहे. म्हणजे क्रम लागला: आधी धार, नंतर कधीतरी चाक. ज्याला अहवाल दोष म्हणतो तो या तलवारीच्या नोकरीचा दाखला आहे, आणि ज्याला गुण म्हणतो तो नंतर कोणीतरी केलेला उपद्व्याप.

खाचांबद्दल वेगळं सांगते, कारण ‘लढाईतल्या खाचा’ या शब्दांवर पुष्कळ तलवारी विकल्या जातात. धारेवर मधोमध, एकाआड एक, सारख्या खोलीच्या खाचा दिसल्या तर मी तरी लढाईचं नाव घेणार नाही. अडगळीतल्या दोन तलवारी घेऊन पोरं एकमेकांवर आपटतात तेव्हा नेमक्या अशाच खाचा पडतात. माझ्या पात्यावर एकच आहे, टोकाजवळ, नखाच्या कडेएवढी. तिच्या तळाशी भिंग लावून तडा गेलाय का ते पाहिलं. खाचेच्या तळातून निघणारा केसाएवढा तडा ही एकच गोष्ट अशी आहे की ती दिसली असती तर मी तलवार तडक परत केली असती. कारखान्यात असते तर रंगद्रवाची चाचणी केली असती, ज्यात तड्यात मुरलेला लाल रंग तडा दाखवून देतो. इथे तो लाल रंग एचिंगमध्ये आणि खड्ड्यांत कायमचा बसेल, म्हणून तिरका उजेड आणि भिंग, बस. परजेच्या बुडाशी, जिथे पातं खांद्याशी एकदम अरुंद होऊन मुठीत शिरतं, तिथेही तसंच पाहिलं. ताण तिथे साठतो. दोन्हीकडे स्वच्छ.

लांबी ८२.४ सेंटिमीटर. नमुन्यात साडेबत्तीस इंचांहून किंचित जास्त, म्हणजे ८२.७ च्या आसपास धरतात. तीन मिलिमीटरची तूट धार लावण्यात सहज जाते. हे मोजणं कधीही चुकवू नये. टोक मोडलेल्या तलवारीला घासून नवं टोक काढणं फार सोपं असतं, फोटोत कळत नाही, आणि त्यात दोन-तीन सेंटिमीटर गायब झालेले असतात. एवढंच नव्हे, खोबणी कुठे संपते आणि टोक कुठे सुरू होतं हे अंतर बिघडतं. त्याच नमुन्याच्या दुसऱ्या तलवारीच्या फोटोशेजारी ठेवून पाहिलं की डोळ्याला लगेच खटकतं. सरळपणात मात्र माझी तलवार थोडी कमी पडते. पाठीवरून एक डोळा मिटून पाहिलं तर टोकाकडच्या तिसऱ्या हिश्श्यात डावीकडे बारीकशी झोक आहे, सपाट पाटावर ठेवून दोन मिलिमीटर भरली. अहवालात याचा उल्लेख नाही. जाताजाता सांगते, ती झोक हाताने सरळ करायला जाऊ नका.

आता नंबर. विल्किन्सनच्या पात्याच्या पाठीवर, परजेजवळ, एक अनुक्रमांक ठोकलेला असतो. १८५० च्या दशकापासूनच्या नोंदवह्या टिकून आहेत, त्यामुळे नंबर वाचता आला तर तलवार कोणत्या साली विकली गेली हे कळतं, आणि नशीब असेल तर कोणाला हेही. कंपनीने २००५ मध्ये तलवारी बनवणं थांबवलं, तरी जुन्या नोंदींमुळे या एका घराण्याच्या तलवारींना जो पत्ता आहे तो बाकीच्यांना क्वचितच मिळतो. पाठीवरून चाक फिरवणाऱ्याने नेमका हाच नंबर झिजवलाय. पाच आकड्यांतला दुसरा ३ आहे की ८, हे समोरून उजेड टाकला तर सांगताच येत नव्हतं. टॉर्च पाठीला जवळजवळ टेकवून, आडव्या उजेडात पाहिलं तेव्हा डावीकडच्या दोन बारीक वळणांची सावली दिसली: ८. ताळा जुळतो. ३ धरला तर तलवार १८९७ च्या आधीची ठरते, म्हणजे हा नमुना आलेलाच नव्हता. ८ धरला तर ती १९०२ च्या सुमारास येते, आणि पात्यावर एडवर्डची मुद्रा आहे, जो १९०१ ते १९१० राजा होता. सगळं एकमेकांशी बोलतं.

मुद्रेवरून एक गोष्ट. परजेवर एका राजाची मुद्रा आणि पात्यावर दुसऱ्याची असं दिसलं की लगेच ‘जोडकाम आहे’ म्हणून नाक मुरडू नये. राजा बदलल्यावर परज बदलून घेणारे अधिकारी असत, ती दुरुस्तीही तलवारीच्या आयुष्यातलीच. शंका घ्यायची ती मुठीच्या टोकाकडे पाहून. पात्याचा मुठीत शिरलेला भाग, टँग म्हणतात तो, मुठीच्या माथ्यावर बाहेर काढून ठोकून पसरवलेला असतो. तो गोल ठिपका जुना, मळलेला, कडेशी घट्ट बसलेला असेल तर तलवार उघडलेली नाही. त्याच्याभोवती ताज्या कानशीच्या रेघा किंवा हातोडीचे चकचकीत चट्टे असतील तर कोणीतरी ती खोलून परत जोडली आहे. माझ्या तलवारीचा ठिपका तपकिरी पडलाय, त्यावर निकेल नाही. म्हणजे परजेचा निकेलचा मुलामा जुळणीच्या आधीचा, नंतर सगळी मूठ बुडवून पुन्हा चढवलेला नाही. याच कारणाने निकेल दोन-तीन ठिकाणी फुगून उडालंय आणि खाली गंज दिसतो, तरी मला ते चालतं. अहवालातले ‘वयोमानानुसार डाग’ ते हेच.

परजेच्या आतल्या बाजूची, म्हणजे अंगाकडे येणारी, कड खाली वळवलेली आहे. १८९५ च्या नमुन्यात ती वळवलेली नव्हती आणि गणवेशाला घासून कापड विरायचं. १८९५ आणि १८९७ ओळखायची ही सोपी खूण. विक्रेत्यांच्या पानांवर या दोघींची अदलाबदल नेहमी होते. परज आणि पात्याच्या खांद्यामधली जाड चामडी चकती जाग्यावर आहे, दाबली गेलेली पण अखंड. ती गेली की तलवार हलवल्यावर खुळखुळते आणि लोक ‘मूठ सैल’ असं लिहून मोकळे होतात. मुठीवरच्या तारेचा एक वेढा ढिला आहे. कातड्याच्या दाण्यांतला मळ मी काढणार नाही.

मुठीखाली पात्यावर सहा टोकांच्या ताऱ्यात बसवलेली पितळी टिकली आहे, ‘प्रूव्ह्ड’ लिहिलेली. तीवरून भाळू नका. विल्किन्सनचं पातं यंत्रावर आपटून, वाकवून पारखलं जायचं हे खरं, पण तशीच टिकली इतर कारखान्यांच्या आणि गणवेशासोबत तलवारी विकणाऱ्या शिंपी-दुकानदारांच्या तलवारींवरही सर्रास असते. तारा बघून बोली वाढवायची नसते; नाव आणि नंबर बघून वाढवायची.

आणि आता म्यान, ज्याला अहवालात एका ओळीत निकालात काढलं. हे सॅम ब्राउन पद्धतीचं मोहिमेचं म्यान: आत लाकूड, वर तपकिरी चामडं, तळाला धातूची टोपी. सॅम ब्राउन या अधिकाऱ्याचा डावा हात १८५८ च्या लढाईत गेला, मग एका हाताने तलवार उपसता यावी म्हणून त्याने जो पट्टा वापरायला सुरुवात केली त्याच्या नावाने हा सगळा सरंजाम ओळखला जातो. माझ्या म्यानाची शिवण तोंडाशी सहा सेंटिमीटर उघडी आहे. बाकी सगळीकडे मूळ दोरा, मूळ टाके, एकसारखे. पांढरं फडकं चोळून पाहिलं, त्यावर लाल भुकटी आली नाही. म्हणजे जुन्या चामड्याला लागणारी ती लाल कूज अजून लागलेली नाही. पट्ट्याच्या फासाने चामडं जिथे घासलंय ती पट्टी काळी गुळगुळीत झाली आहे, आणि पातं शेवटच्या मिलिमीटरपर्यंत आत बसतं, दोन मिलिमीटरच्या झोकीसकट. म्यान आणि पातं बरीच वर्षं एकत्र होते असं मी यावरून म्हणते. चामडी म्यानं बहुतेक वेळा तुटलेली, बदललेली किंवा तेल पाजून मऊ-काळी केलेली मिळतात. हे तसं नाही. साडेचार गुण त्याचे, आणि उघड्या टाक्यांसाठी अर्धा कापला.

तरीही तलवार मी त्या म्यानात ठेवत नाही. चामडं कमावताना वापरलेली द्रव्यं आणि त्याने धरलेली ओल, दोन्ही पोलादाच्या मुळावर येतात. पितळ असेल तर त्याला हिरवी मेणचट बुरशी धरते, जी खरं तर बुरशी नसून तांब्याचा साबणच असतो. पातं वेगळं, आडवं, कोरड्या कपाटात. त्यावर सूक्ष्मस्फटिकी मेणाचा पातळ हात दिलाय, ब्रिटिश म्युझियममध्ये १९५० च्या दशकात तयार झालेल्या प्रकारचं. हाताळताना नायट्राइलचे रबरी हातमोजे. घामातलं मीठ बोटाचा ठसा पोलादात अक्षरशः कोरून ठेवतं. माझ्या उजव्या बाजूवर कोणाच्या तरी अंगठ्याचा असा ठसा आहे, बफिंगनंतरचा, वळणं मोजता येतील इतका स्वच्छ.

भाचा आला होता. म्हणाला, “मावशी, दुसरी बाजूपण चकाचक करून टाकू का? माझ्याकडे पॉलिश आहे.” म्हटलं, “हात लावलास तर जेवायला मिळणार नाही.” हसला, पण मग भिंगातून दोन्ही बाजू पाहिल्या आणि स्वतःच म्हणाला की चमकणारी बाजू नकली वाटते. पोराला पाच मिनिटांत कळलं ते अहवाल लिहिणाऱ्याला कळलं नसेल असं मला वाटत नाही.

ही चमकेची हौस इतर तलवारींचं याहून जास्त वाटोळं करते. १७९६ च्या हलक्या घोडदळाची वाकडी तलवार घ्या, ब्रिटिश घोडदळ अधिकारी ल मार्शां आणि बर्मिंगहॅमचा तलवारकार ऑस्बर्न यांनी घडवलेली. अधिकाऱ्यांच्या पात्यांवर निळा रंग आणि सोनेरी नक्षी असे. तो निळा रंग म्हणजे रंग नव्हेच, तीनशे अंशांच्या आसपास तापवल्यावर पोलादावर चढणारा ऑक्साइडचा अगदी पातळ पापुद्रा. फोर्ज शॉपमधल्या कोणालाही तो ओळखीचा. धातूच्या पॉलिशने दोनदा पुसा, गेला, परत येत नाही. किती टक्के निळा शिल्लक आहे यावरच त्या तलवारीची अवस्था ठरते. फ्रेंच तलवारींच्या पाठीवर क्लिंगेंथाल किंवा शातेलरो या शस्त्रकारखान्यांचं नाव आणि महिना-साल बारीक अक्षरांत कोरलेलं असतं. चाकाने सगळ्यात आधी तेच जातं. आणि जपानी तलवारीचा टँग तर चुकूनही साफ करायचा नाही. मुठीच्या आतला तो गंज वय सांगतो, घडवणाऱ्याची सही त्याच गंजात वाचतात. तो घासला की जाणकार संग्राहक पाठ फिरवतो.

विक्रेत्याला मी हे सगळं लिहून कळवलं, फोटोंसकट. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: तलवार त्यांच्याकडे आली तेव्हाच तशी होती, चमकदार पात्यांना मागणी असते म्हणून तसं लिहिलं, हवी तर परत घेऊ. बफिंग त्यांनी केलं असा माझा आरोप नाही. पण फ्लॅश समोरून मारून फोटो काढला की खड्डेही दिसत नाहीत आणि पुसलेली नक्षीही, हे रोज तलवारी विकणाऱ्याला शिकवायची गरज नसावी. उजेड बाजूने टाकला असता तर हा अहवाल लिहिताच आला नसता. परत घेण्याची तयारी त्यांनी लगेच दाखवली, ते मात्र मानलं.

यांच्याकडून घ्यावं का? घ्यावं, पण मजकूर वाचूच नये. फोटो मागावेत: पात्याच्या दोन्ही बाजू आडव्या उजेडात, पाठीवरचा नंबर जवळून, मुठीच्या माथ्यावरचा ठिपका, खांद्याजवळची चकती, आणि टोकापासून परजेपर्यंत मोजपट्टी लावलेली. मला मागितल्यावर एका तासात मिळाले होते, पण बोली संपल्यावर. आधी मागितले तर तितक्याच तत्परतेने मिळतात का ते बघायचंय. ज्याला भिंतीवर टांगायला झगमगीत तलवार हवी आहे त्याला यांची वर्णनं अगदी सोयीची, तो खूश राहील. ज्याला मोहिमेवर गेलेली, धार लावलेली, कोणी न खोललेली तलवार हवी आहे त्याने यांच्या पानावर ‘खराब’, ‘काळपट’ आणि ‘ओरखडे’ हे शब्द शोधावेत. चांगला माल तिथेच पडून असतो.

पुढच्या विक्रीत यांच्याकडे १८५३ नमुन्याची घोडदळ शिपायाची तलवार आहे. त्या नमुन्यात टँग मुठीच्या पूर्ण रुंदीचा असतो आणि चामड्याच्या दोन पट्ट्या रिव्हेटने आरपार बसवलेल्या. रिव्हेट बदललेले आहेत का यावर सगळं अवलंबून. वर्णनात ‘पातं काळपट, मूठ झिजलेली’ लिहिलंय. रिव्हेटचे आणि पाठीचे फोटो मागवलेत.